कोझिंत्सेवचा ‘हॅम्लेट’ (१९६४) : संभ्रम काढून टाकल्यावर हॅम्लेट उरतो का?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

ग्रिगोरी कोझिंत्सेव या दिग्दर्शकाचा १९६४ सालचा रशियन ‘हॅम्लेट’ मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी महाविद्यालयात होतो. चित्रपट मंडळाला मिळालेली प्रत ओरखडे पडलेली होती आणि पांढरी उपशीर्षके पांढऱ्या आकाशावर उमटत असल्यामुळे निम्मी वाचताच आली नव्हती. त्या वेळी लक्षात राहिला तो समुद्र, दगडी भिंती आणि शोस्ताकोविचचे संगीत. या वेळी प्रत चांगली होती. मांडीवर शेक्सपिअरची संहिता उघडी ठेवून, अधूनमधून चित्रपट थांबवत मी तो पाहिला आणि एका जागी अडखळलो. तेव्हापासून जो प्रश्न डोक्यात आहे, तो येथे मांडतो.

तिसऱ्या अंकातला प्रार्थनेचा प्रवेश आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. हॅम्लेटच्या बापाचा खून करून राजा झालेला त्याचा काका क्लॉडियस गुडघे टेकून बसला आहे, हॅम्लेट मागे येऊन उभा राहतो, तलवार उपसतो, आणि प्रार्थना करत असताना याला मारले तर हा थेट स्वर्गात जाईल असा हिशेब करून ती पुन्हा म्यान करतो. हॅम्लेटच्या चालढकलीविषयी आजवर जे काही लिहिले गेले, त्यातले निम्मे या एका प्रवेशावर उभे आहे. कोझिंत्सेवच्या चित्रपटात क्लॉडियस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या पापाविषयी बोलतो, आणि तेथे हॅम्लेट येतच नाही. संधी समोर येते आणि तो ती सोडतो, असे घडण्याची वेळच दिग्दर्शकाने येऊ दिलेली नाही.

ही काटछाट एकटी नाही. तटावरच्या पहारेकऱ्यांचा पहिला प्रवेश गेला आहे आणि चित्रपट सुरू होतो तो घोडा दौडवत एल्सिनोरला, म्हणजे डेन्मार्कच्या राजाच्या किल्ल्यावर, येणाऱ्या हॅम्लेटपासून. ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे स्वगत हॅम्लेटची भूमिका करणारा इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की समुद्रकाठच्या खडकांतून चालताना ‘म्हणतो’, पण त्याचे ओठ हलत नाहीत. आपल्याला दिसते ती बराच वेळ त्याची पाठ.

चित्रपट थोर आहे, याविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न इतकाच आहे की, ज्याला आपण ‘हॅम्लेटी’ वृत्ती म्हणतो ती द्विधा अवस्थाच काढून घेतली तर जे उरते त्याला ‘हॅम्लेट’ म्हणावे का, की तो त्याच कथेवरचा एक वेगळा, राजकीय चित्रपट आहे?

पेरू आणि मीठ

मांडीवर संहिता घेऊन चित्रपट पाहणाऱ्या माणसाला घरच्यांनी अजून बाहेर काढलेले नाही, हे पाहून आनंद झाला.

विंगेतला

तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे. हॅम्लेट म्हणजे द्विधा, हे समीकरण शेक्सपिअरपेक्षा त्याच्या नंतरच्या टीकाकारांनी आणि नटांनी पक्के केले आहे. इंग्रज नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या ‘हॅम्लेट’ चित्रपटात तर आरंभीच निवेदन येते की, ही मनाचा निश्चय करू न शकलेल्या माणसाची शोकांतिका आहे. त्या चित्रपटात रोझेनक्रांट्झ, गिल्डेन्स्टर्न आणि फोर्टिनब्रास ही तिन्ही पात्रे सरळ वगळलेली आहेत. म्हणजे हेरगिरी करणारे मित्र गेले, शेजारच्या देशाचे सैन्य गेले, आणि उरले ते एका राजपुत्राचे मन. काटछाट दोघांनीही केली आहे. ऑलिव्हिएने राज्य कापले आणि कोझिंत्सेवने चालढकल कापली. मग आपण पहिल्याला ‘मूळ नाटक’ आणि दुसऱ्याला ‘राजकीय रूपांतर’ का म्हणायचे?

नेवाकाठ

मी ऐंशीच्या दशकात शिक्षणासाठी लेनिनग्राडमध्ये काही वर्षे होतो, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो. लांबण लागली तर क्षमस्व.

रशियात हॅम्लेट हा परका पाहुणा कधीच नव्हता. कादंबरीकार तुर्गेन्येवने १८६० साली ‘हॅम्लेट आणि डॉन किहोते’ या व्याख्यानवजा निबंधात माणसांचे दोन प्रकारच पाडले. एक सतत स्वतःला तपासत बसणारा, आणि दुसरा ध्येयासाठी वेड्यासारखा धावणारा. त्याआधीच त्याने एका जिल्ह्यातल्या निरुद्योगी, आत्मनिंदेत रमलेल्या जमीनदाराला ‘हॅम्लेट’ म्हणून रंगवले होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच रशियन सुशिक्षितांमध्ये ‘हॅम्लेट’ ही जवळजवळ शिवी झाली होती. कोझिंत्सेवने १९५७ साली ‘डॉन किहोते’ केला आणि त्यानंतर ‘हॅम्लेट’. तुर्गेन्येव वाचलेल्या प्रेक्षकाला ही जोडी लगेच जाणवते, आणि या दिग्दर्शकाने हॅम्लेटलाही दुसऱ्या रांगेत नेऊन बसवले आहे हेही जाणवते.

आता काटछाटीविषयी. चित्रपटातील भाषा कवी बोरिस पास्तरनाकच्या रशियन अनुवादाची आहे. हा अनुवाद मुळात नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्डच्या रंगभूमीसाठी व्हायचा होता. १९३९ च्या जूनमध्ये मेयरहोल्डला अटक झाली, पुढच्या फेब्रुवारीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि अनुवाद १९४० मध्ये छापला गेला. पुढे कोझिंत्सेवने १९५४ साली लेनिनग्राडच्या पुश्किन नाट्यगृहात हे नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा पास्तरनाकने त्याला कळवले होते की, हवे तेवढे कापा, जितके अधिक काढाल तितके उत्तम. नाटकातील निम्मा मजकूर हा नटांना आपला आशय समजावून सांगण्यासाठी लेखकाने लिहिलेल्या लांबलचक सूचनांसारखा असतो, अशी त्याची धारणा होती. कात्री अनुवादकानेच हातात दिली होती म्हणा ना! तेव्हा ‘शब्द गेले म्हणजे नाटक गेले’ या मताशी खुद्द अनुवादकच सहमत झाला नसता.

आता प्रार्थनेच्या प्रवेशाकडे वळतो; त्यासाठी आधी एल्सिनोरचा तुरुंग पाहावा लागतो. पहिल्या काही मिनिटांतच हॅम्लेट किल्ल्यात शिरतो, माणसे रहाट फिरवतात, पूल वर उचलला जातो आणि खंदकाच्या पाण्यावरचा उजेड नाहीसा होतो. पुढे ‘डेन्मार्क हा तुरुंग आहे’ हे वाक्य येते तेव्हा ते आपल्याला आधीच दाखवून झालेले असते. माझ्या मते प्रार्थनेचा प्रवेश म्हणूनच गेला. ज्या घरात प्रत्येक दाराआड कोणी तरी कान लावून उभे आहे, तेथे राजा एकटा, बिनपहाऱ्याचा, पाठमोरा सापडणे हे कोझिंत्सेवच्या एल्सिनोरमध्ये संभवतच नाही.

शंकासुर

नेवाकाठ, माहितीबद्दल मनापासून आभार, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. सोव्हिएत चित्रपट दिसला की त्यात स्टालिन शोधायचा, ही आपल्याकडची एक सवयच झाली आहे. क्लॉडियसचे पुतळे आणि चित्रे जागोजागी दिसतात, हे खरे. त्याचे पहिले भाषण आधी चौकात जमलेल्या रयतेला फर्मान म्हणून वाचून दाखवले जाते, मग तेच परकीय वकील आपापल्या भाषांत एकमेकांना सांगत जातात, आणि शेवटी आपण दरबारात खुद्द राजाला ऐकतो. राजाच्या आधी राजाची आज्ञा पोहोचते, हे फार हुशारीने दाखवले आहे. पण ही हुशारी पाहण्यासाठी स्टालिनची गरज काय? एलिझाबेथच्या काळातल्या लंडनमध्येही हेर होते, आणि पडद्याआडून कान लावणारा दरबारी पोलोनियस शेक्सपिअरला तेथेच भेटला असणार.

नेवाकाठ

मी स्टालिनचे नाव घेतले नव्हते, शंकासुर. ते तुम्हीच घेतलेत.

शंकासुर

मान्य. चूक माझी.

ओवरी

सगळे हॅम्लेटच्या मागे लागले आहेत, म्हणून मी त्याच्या प्रेयसीविषयी, पोलोनियसच्या मुलीविषयी, म्हणजे ऑफेलियाविषयी लिहिते, कारण तुरुंग कोणासाठी आहे हे तिच्याकडे पाहिल्यावर अधिक नीट कळते.

अनास्तासिया वेर्तिन्स्काया हिने ही भूमिका केली तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावर होती. पहिल्यांदा ती दिसते तेव्हा एक म्हातारी तिला नृत्याचे धडे देत असते. बारीक, किणकिणणारे संगीत, आणि त्यावर किल्ली दिलेल्या बाहुलीसारखे हात वर, मान तिरकी, पाऊल मागे. यात काही दुष्ट घडत नाही, उलट सारे अतिशय सुंदर आहे, आणि म्हणूनच ते पाहवत नाही. पुढे वडील मारले गेल्यावर सुतकाचे काळे कपडे घालण्यासाठी दासी तिला उभे करतात, तेव्हा आधी तिच्या अंगावर लोखंडी पट्ट्यांची चोळी आवळतात, कमरेखाली लोखंडी कड्यांचा घेर चढवतात आणि मग त्यावर काळे वस्त्र. एकही शब्द नाही. शेक्सपिअरच्या संहितेत हा प्रवेश शोधून सापडणार नाही, पण ऑफेलियाला वेड का लागले याचे इतके सरळ उत्तर मी अन्यत्र पाहिलेले नाही. वेडाच्या प्रवेशात ती सैनिकांना फुले म्हणून वाळक्या काटक्या वाटते, आणि ते चिलखती पुरुष त्या काटक्या हातात घेऊन नुसते उभे राहतात.

कोझिंत्सेवला या चित्रपटात दगड, लोखंड, अग्नी, समुद्र आणि माती ही मूलद्रव्ये हवी होती. लोखंड आपल्याला आधी सैनिकांच्या अंगावर दिसते, पण त्याचा खरा अर्थ ऑफेलियाच्या अंगावर चढल्यावर कळतो. तिसरी घंटा, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, संभ्रम काढलेला नाही. ‘मी करू की नको’ हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो, त्याला निदान तेवढी मोकळीक आहे. या पोरीला तीही नाही. चित्रपट त्या दोघांमधले हे अंतर मोजतो.

विंगेतला

ओवरीताई, चोळीच्या प्रवेशाविषयी लिहिलेत ते फार नेमके आहे. आमच्या हौशी संस्थेत ही भूमिका करणाऱ्या मुलीला मी हा तुकडा दाखवला होता. दुसऱ्या दिवसापासून तिचे चालणेच बदलले.

जुनी वही

धागा रशियात आहे हे ध्यानात ठेवून आपल्या घरची एकच गोष्ट नोंदवतो, कारण तिचा मूळ प्रश्नाशी थेट संबंध आहे.

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर केले, ते १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आणि या भाषांतराचे काम आगरकरांनी तेथे केले. म्हणजे ‘डेन्मार्क हा तुरुंग आहे’ हे वाक्य ज्या माणसापुढे आले, तो स्वतः तुरुंगात बसलेला होता. तरीही त्याने नाटकाला नाव कोणते दिले? विकारविलसित, म्हणजे विकारांचा खेळ. शोकांतिकेचे मूळ त्यांना मनोविकारांत दिसले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळींच्या रंगमंचावर गणपतराव जोशांनी हॅम्लेट गाजवला, तोही विकारांच्या आविष्कारासाठीच नावाजला गेला, आणि आपली मराठी मनातली हॅम्लेटची मूर्ती तेथून आलेली आहे. तिसरी घंटांना जे ‘मूळ’ वाटते आहे, त्यातला बराचसा भाग आगरकरांच्या शीर्षकाचा असावा, अशी मला शंका आहे.

तिसरी घंटा

जुनी वही, हे मला बोचले, आणि बरोबर जागी बोचले. मी शाळेत असताना आजोबांकडून ‘हॅम्लेट’ हा शब्द ऐकण्यापूर्वी ‘विकारविलसित’ हा शब्द ऐकला होता.

अर्धविराम

मी नुकतीच शेक्सपिअर वाचायला सुरुवात केली आहे. आमच्या पिढीला ‘जगावं की मरावं’ हे ‘नटसम्राट’मधूनच माहीत आहे, आणि तेथे ते मोठ्या आवाजात, प्रेक्षकांकडे तोंड करून येते. इतके गाजलेले स्वगत ओठ मिटून, पाठ फिरवून ऐकवणे प्रेक्षकांना थंड वाटत नाही का? मला ते पाहताना थोडी फसवणूक झाल्यासारखे वाटले.

नेवाकाठ

अर्धविराम, तुमची प्रतिक्रिया प्रामाणिक आहे आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांची ती असते. एक प्रयोग करून पाहा. त्याआधीचे दरबारातले स्वगत पुन्हा पाहा. हॅम्लेट नटूनथटून आलेल्या दरबाऱ्यांच्या गर्दीतून चालतो आहे, लोक त्याला वाकून नमस्कार करत आहेत, आणि त्याच वेळी आतला आवाज म्हणतो आहे की हे जग म्हणजे तण माजलेली बाग आहे. हे तो मोठ्याने म्हणू शकत नाही, कारण चहूकडे कान आहेत. अप्पा बेलवलकरांजवळ बाकी काही उरले नसले तरी बोलण्याची मुभा उरली आहे. येथे नेमकी तीच नाही.

आणि स्मोक्तुनोव्स्की हे मौन कोठून आणतो, हेही सांगण्यासारखे आहे. तो महायुद्धात आघाडीवर होता, १९४३ मध्ये जर्मनांच्या हाती कैदी म्हणून सापडला, निसटला, एका युक्रेनियन कुटुंबाने त्याला लपवले. शत्रूच्या कैदेत राहून आलेल्या सैनिकाकडे मायदेशात संशयाने पाहिले जात असे, म्हणून युद्धानंतर तो आपण होऊनच दूर उत्तरेला नोरिल्स्कच्या नाट्यगृहात नोकरीला गेला. लेनिनग्राडमध्ये त्याचे नाव झाले ते १९५७ साली दिग्दर्शक तोव्स्तोनोगोवच्या ‘इडियट’ नाटकातील प्रिन्स मिश्किनच्या भूमिकेने. त्या सगळ्यानंतर हा हॅम्लेट आला.

शंकासुर

पुन्हा आडवा येतो, रागावू नका. नटाच्या चरित्रातून त्याचा अभिनय काढायचा म्हटले, तर नोरिल्स्कला गेलेला प्रत्येक नट हॅम्लेट व्हायला हवा होता. मला त्याच्यात दिसते ते कसब. तो वाक्याच्या आधी थांबतो, वाक्यानंतर नाही. मिश्किन करताना त्याने ऐकण्याचा अभिनय साधला आणि तोच येथे वापरला. एवढे पुरेसे आहे.

विंगेतला

शंकासुरांचे हे निरीक्षण मला पटते, आणि त्याचा उत्तम पुरावा बासरीच्या प्रवेशात आहे. मी स्वतः एकदा गिल्डेन्स्टर्न केला आहे, म्हणजे बासरी हातात घेऊन ‘मला वाजवता येत नाही’ असे म्हणणारा तो अभागी मीच. आमचा हॅम्लेट पहिल्या वाक्यापासून कडाडत असे, त्यामुळे तिसऱ्या वाक्यापर्यंत प्रेक्षक खोकू लागत. स्मोक्तुनोव्स्की मात्र जवळजवळ प्रेमाने सुरुवात करतो, जणू खरोखरच मित्राला बासरी शिकवायची आहे. हे बघ, ही भोके, यावर बोटे ठेव, फुंकर घाल. आणि मग, हे एवढेसे लाकूड तुला वाजवता येत नाही आणि तू माझ्यावर सूर काढायला निघालास? संताप शेवटी येतो आणि तोही स्वतःला आवरत. आता धागाकर्त्यांना विचारतो. हा माणूस संभ्रमित आहे का? मला तर या प्रवेशात तो रंगमंचावरचा एकमेव माणूस वाटतो, ज्याला आपण कोण आहोत हे पुरते ठाऊक आहे.

पेरू आणि मीठ

गंभीर चर्चेत व्यत्यय आणतो, पण या वाक्याचा मराठी अनुवाद करणाऱ्याची मला काळजी वाटते. ‘तुम्ही मला वाजवू शकत नाही’ असे म्हटले की आपल्या भाषेत राजपुत्र मार खाण्याच्या बेतात असल्यासारखा वाटतो.

सारंगी

संगीताकडे कोणी वळेल म्हणून वाट पाहत होते. शोस्ताकोविचने ‘हॅम्लेट’साठी तीन वेळा संगीत दिले. पहिले १९३२ साली वाख्तांगोव्ह नाट्यगृहातील अकिमोव्हच्या प्रयोगासाठी, ज्यात नाटकाची बरीच थट्टा केलेली होती. दुसरे कोझिंत्सेवच्याच १९५४ च्या प्रयोगासाठी. आणि तिसरे या चित्रपटासाठी. एकच संगीतकार तीस-बत्तीस वर्षांत त्याच नाटकाची टिंगल करण्यापासून त्याच्या अंत्ययात्रेपर्यंत पोहोचला. चित्रपटातला हॅम्लेटच्या मृत बापाच्या आत्म्याचा प्रवेश पाहा. वाऱ्यावर फडफडणारा प्रचंड झगा, बिथरलेले घोडे आणि त्यावर कोसळणारे वाद्यवृंदाचे लोंढे. हॅम्लेटच्या मनात काय चालले आहे हे शब्दांनी सांगण्याची गरज तेथे कोणाला भासते? तिसरी घंटा, तुमचा हरवलेला संभ्रम मला वाद्यवृंदात सापडतो. तलवार उचलण्याचा क्षण येतो तेव्हा तालवाद्ये पुढे होतात आणि तंतुवाद्ये मागे ओढत राहतात.

शंकासुर

सारंगीताई, तंतुवाद्ये मागे ओढतात की नाही हे मी आज रात्री कान लावून तपासणार आहे. पोलोनियसप्रमाणे, पडद्याआडून.

ओवरी

पोलोनियसचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवा.

तिसरी घंटा

सर्वांचे आभार. काल रात्री तिसऱ्यांदा पाहिला, या वेळी संहिता कपाटात ठेवून.

माझे म्हणणे मी निम्मे मागे घेतो. पाठ फिरवून उभा असलेला तो माणूस मला आधी ‘स्वगत काढून घेतलेला’ वाटला होता, या वेळी तो ‘स्वगत लपवणारा’ वाटला, आणि यात पुष्कळ फरक आहे. नेवाकाठांनी पुलाचा उल्लेख केला, त्यामुळे शेवटही वेगळा दिसला. विष अंगात भिनल्यावर हॅम्लेट सिंहासनाच्या दालनात मरत नाही. तो चालत बाहेर येतो, भिंतींच्या बाहेर, उघड्यावर, खडकाला टेकून बसतो आणि तेथे शेवटचे शब्द म्हणतो. पास्तरनाकने ते ‘दाल्शे – तिशिना’ असे केले आहेत. नेवाकाठ, मी हे बरोबर ऐकले ना? ‘द रेस्ट इज सायलेन्स’ या इंग्रजी वाक्यातल्या ‘रेस्ट’मध्ये ‘उरलेले’ आणि ‘विसावा’ असे दोन्ही अर्थ आहेत. रशियनमध्ये मला फक्त ‘यापुढे शांतता’ एवढेच ऐकू आले, आणि त्या चित्राला तेच शोभते.

जे निम्मे मागे घेत नाही ते हे. प्रार्थनेच्या प्रवेशात हॅम्लेट क्रूरही आहे. शत्रूला नुसते मारून त्याचे भागत नाही, त्याला तो नरकात जायला हवा आहे. हा प्रवेश गेल्यामुळे कोझिंत्सेवचा नायक मूळ नायकापेक्षा सज्जन झाला. तुरुंगात एकटा चांगला माणूस, हे चित्र मन हेलावते, पण तुरुंगाने त्या चांगल्या माणसालाही थोडे तुरुंगासारखे करून टाकले होते, हे शेक्सपिअरला दिसले होते.

नेवाकाठ

‘दाल्शे – तिशिना’ हे बरोबर ऐकलेत. आणि दुसऱ्या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही. तो कोझिंत्सेवच्या चित्रपटातला खरा खड्डा आहे.

जुनी वही

पोलोनियसला मारल्यावर ‘आतडी शेजारच्या खोलीत ओढून नेतो’ म्हणणारा हॅम्लेटही आहे, एवढे विसरू नये. शेक्सपिअरने सज्जनपणाची फार काळजी घेतलेली नाही.

विंगेतला

पेरू आणि मीठ यांच्या अडचणीवर दोन दिवस विचार केला. ‘माझी तार तुम्ही तोडू शकाल, पण माझ्यातून सूर काढणे तुम्हांला जमणार नाही.’ कसे वाटते?

सारंगी

बासरीला तार नसते.

विंगेतला

चूक कबूल करणार होतो, तेवढ्यात लक्षात आले की मूळ नाटकातही तो बासरी हातात धरून तंतुवाद्याच्या पट्ट्यांवर (‘फ्रेट’) श्लेष करतो. तेव्हा तार राहू द्यावी.